संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे?

बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथल्या भाषणांच्या छापील प्रती थोड्याच निघतात आणि पुढे कपाटात पडून राहतात. ही भाषणे व सीमाभागातील मौखिक साहित्य सर्वांना वाचता यावे म्हणून आमच्या मराठी विभागाने एक संकेतस्थळ उभारले. ते चालते कसे, हे ते बंद पडेपर्यंत मी कधी विचारले नव्हते.

संकेतस्थळ म्हणजे सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. एका सर्व्हरवर असे शेकडो भाडेकरू असतात. जागा आखून देणे, तिला नाव जोडणे, ईमेलची खाती व डेटाबेस उघडणे ही कामे पूर्वी जाणकार माणूस एकेक आज्ञा टंकून करी. आता ती ‘कंट्रोल पॅनेल’ करते. १९९६ पासून प्रचारात असलेले ‘सीपॅनेल’ हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात ‘डब्ल्यूएचएम’ ही घरमालकाची बाजू, तर ‘सीपॅनेल’ ही भाडेकरूची. मालकाने एक अर्ज भरला की बाकीच्या आज्ञा प्रणाली स्वतःच क्रमाने देते. बिलाची प्रणाली जोडली तर तेवढाही हात लागत नाही. पैसे जमा होताच खाते उघडते, मुदत टळली की बंद होते आणि ठरलेल्या दिवसांनी पुसलेही जाते. आत कविता आहे की जाहिरात, हे ती पाहत नाही.

आमचे खाते एका माजी विद्यार्थ्याच्या नावावर होते. नोकरीनिमित्त तो परगावी गेला, त्याचा ईमेल बदलला. मुदतीच्या सूचना जुन्याच पत्त्यावर जात राहिल्या आणि खाते पुसले गेले. चूक आमचीच होती.

विभागाच्या संगणकावर एक जुना बॅकअप सापडला. तो नव्या जागी चढवला, तर भाषणांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे! नव्या डेटाबेसची अक्षरसंहिता ‘लॅटिन-१’ होती. तिच्यात पश्चिम युरोपीय भाषांची अक्षरे मावतात. देवनागरी नाही की कन्नडही नाही. न मावणाऱ्या अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह साठवले गेले, की त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. बॅकअपची फाइल शाबूत होती, म्हणून ‘यूटीएफ-८’ संहिता निवडून ती पुन्हा चढवली आणि भाषणे वाचता येऊ लागली.

त्या बॅकअपनंतर भर घातलेला मजकूर मात्र गेला. निपाणीच्या तंबाखू वखारीत आयुष्य काढलेल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. विद्यार्थिनीने त्या ऐकत ऐकत थेट संकेतस्थळावरच टंकल्या होत्या. आजी आता नाहीत.

आता खाते विभागाच्या नावे आहे, सूचना विभागाच्या ईमेलवर येतात आणि पासवर्ड दोघांकडे असतो. दर महिन्याच्या एक तारखेला पॅनेलमधून बॅकअप उतरवून घेतो, तो उघडून मराठी नीट दिसते का ते पाहतो आणि तशी नोंद वहीत करतो. ज्या वाचनालयांची, मंडळांची अशी संकेतस्थळे आहेत, त्यांनी आपले खाते कोणाच्या नावावर आहे, एवढे तरी आजच पाहून घ्यावे.