पळस कोणासाठी पेटतो?

काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्गावरचं बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळशाचं गाव. २०१६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता मंचेरियालमध्ये आहे. पक्षी बघायला कोळशाच्या गावात कोण जातं? फाल्गुनात जरूर जावं. या मुलखात तेव्हा पळस पानं झाडून नुसता फुलांनी उभा असतो, आणि एकाच झाडाखाली ठाण मांडलं तरी दिवस अपुरा पडतो.

मुळात एवढा भडक रंग कोणासाठी? मधमाशीला अतिनील, निळा, हिरवा छान दिसतो; लाल तिला जेमतेमच कळतो. पक्ष्यांना मात्र तो लांबून खुणावतो. वास म्हणाल तर नाहीच, कारण हे गिऱ्हाईक नाकाने नव्हे, डोळ्यांनी येणारं. पळसाने पाणपोई उघडली आहे ती चोचवाल्यांसाठी.

पण तीही फुकट नाही! फुलाची खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. पुंकेसर तिच्या आत लपलेले, मध पार तळाशी. आठ-दहा ग्रॅमचा शिंजीर फांदीला घट्ट धरून चोच आत खुपसतो, तशी ती पाकळी दबते आणि परागकण त्याच्या अंगाला लागतात. पुढच्या झाडावर तो मध प्यायला जातो आणि नकळत निरोप पोचवतो. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा २००३ सालचा एक अभ्यास आहे. पळसावर त्यांना सात जातींचे पक्षी दिसले, पण परागीभवनाचं खरं काम करणारा पक्षी निघाला एकच, जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला कोण, तर खार! बाकीचे पिऊन जाणारे. पोपट तर पिण्यापेक्षा नासधूसच जास्त करतो. झाडाखाली फुलांचा सडा दिसला की सगळा दोष वाऱ्याला देऊ नये.

शिंजीर नराची ती निळी-जांभळी झळाळी रंगद्रव्याची नाहीच. पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना रंग उमटतो, म्हणून सावलीत हाच पक्षी काळा ठिक्कर दिसतो. विणीचा काळ सरला की तोही थाट उतरतो. उरतो मळकट पिवळा जीव आणि पोटावर एक काळी रेघ.

दुपारी बाकी सगळे गप्प होतात, तेव्हा तांबटाची टुकटुक सुरू होते. चोच मिटलेली, गळा मात्र प्रत्येक ठोक्याला फुगतो. मान इकडेतिकडे वळवत असल्याने आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. तो फळांचा भोक्ता, पळसाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

माझ्या लेखी खरी नवलाई भोरड्यांची. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकलाट करत थव्याने पळसावर उतरणं. काहीजण त्यांना पळसमैनाच म्हणतात. हे पाहुणे मध्य आशियातले. एप्रिलच्या सुमारास त्या हजारो किलोमीटरवरच्या गवताळ प्रदेशांत परततात आणि जिथे टोळ-नाकतोडे मुबलक तिथे वसाहत करून दगडांच्या फटींत घरटी घालतात. टोळांचा फडशा त्या इतका पाडतात की चीनच्या शिनजियांग प्रांतात त्यांनी यावं म्हणून मुद्दाम दगडांची घरटी रचून ठेवली जातात. विणीचा हंगाम तिकडे अगदी थोडक्यात उरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पहिले थवे भारतात हजर, पळस फुलायला तेव्हा अजून सहा-सात महिने असतात.