स्वस्त हत्यारे : काय पारखून घ्यावे

गुण्या : दुकानातच तपासता येतो. फळीच्या सरळ कडेला टेकवून पेन्सिलीने रेघ ओढा. गुण्या पालथा करून तिथेच दुसरी ओढा. रेघा एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. महागाचाही असाच तपासावा.

पाने : ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे पोलादाचे नाव. क्रोमचा मुलामा वेगळा. तो गंज रोखतो, ताकद देत नाही. रिंग पाना नटाचे सहाही कोपरे धरतो, फिक्स पाना दोनच.

ड्रिल बिट : धातूसाठी एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील. साधे कार्बन पोलाद 250 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, एचएसएस 600 च्या आसपास.

हॅकसॉ ब्लेड : सर्वसाधारण कामाला इंचाला 24 दात, पातळ पत्र्याला 32.

पक्कड : प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. विजेच्या कामाला 1000 व्होल्टची खूण हवीच. इथे काटकसर नको.

हातोडी, क्लॅम्प : स्वस्तातले बहुधा चालतात. हातोडीचा दांडा मात्र हलवून पाहावा.

कुठे : मुंबईत नागदेवी स्ट्रीट. देशी हातहत्यारांचे मोठे केंद्र पंजाबातील जालंधर.