लोकल बोर्ड आणि कोकणची किनारपट्टी : बुरोंडी परिसराच्या संदर्भात

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे किनाऱ्यावरचे मासेमारीचे गाव आज जिल्हा परिषदेच्या कक्षेत येते. परंतु १ मे १९६२ पूर्वी या भागातील ग्रामीण कारभाराचा मोठा भाग जिल्हा लोकल बोर्डाकडे होता. ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा रस्ता’ हे शब्दप्रयोग त्या काळाची खूण होत. स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात या संस्थेचा उल्लेख बहुधा जिल्हा परिषदेची पूर्वपीठिका एवढाच केला जातो. तिच्या मर्यादा मात्र तिच्या उत्पन्नाच्या रचनेतच दडलेल्या होत्या, आणि त्या कोकणात विशेष ठळकपणे दिसतात.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेण्यास प्रारंभ झाला. त्यातील एक तृतीयांश शिक्षणासाठी राखीव असे. उरलेला भाग प्रामुख्याने रस्त्यांसाठी होता. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक आधार दिला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकल बोर्ड कायदा आला आणि जिल्हा व तालुका अशा दोन पातळ्यांवर बोर्डे स्थापन झाली. सभासदांत निर्वाचितांना स्थान मिळाले. पण जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद कलेक्टरकडेच राहिले. या कायद्यास स्वराज्याची पहिली पायरी म्हणण्याची प्रथा आहे. मताधिकार मालमत्तेशी निगडित असल्याने ती पायरी फार थोड्यांसाठी होती, हे विसरता येत नाही.

उपकराचा पाया जमीन महसूल हाच होता. डोंगराळ व वरकस जमिनीच्या रत्नागिरी जिल्ह्यात तो पाया मुळातच अशक्त. त्यातही दापोली, खेड, चिपळूण या उत्तरेकडील तालुक्यांत खोती पद्धत प्रबळ होती. खोती गावात सरकारी वसूल खोतामार्फत होई आणि उपकरही त्याच वाटेने जाई. त्यामुळे प्रत्यक्षात राबणाऱ्या कुळाचा बोर्डाशी थेट संबंध क्वचितच येई. दुसरीकडे बुरोंडी, हर्णै, दाभोळ यांसारख्या गावांचे जीवन समुद्रावर अवलंबून होते. मासळी आणि गलबतांची वाहतूक यांतून होणारी उलाढाल जमिनीवरील उपकरात उमटत नसे. समुद्री जकात तर सरकारी महसुलाचाच भाग. तरी व कोंडवाडे यांचे उत्पन्न बोर्डांना मिळे. त्याने फार मोठी भर पडणे शक्य नव्हते. ज्या गावाचे पोट समुद्रावर चाले, त्याच्या रस्त्याची आणि शाळेची तरतूद शेतसाऱ्याच्या प्रमाणात व्हावी, ही विसंगती संस्थेच्या घडणीतच होती.

१९२३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षीच्या नव्या लोकल बोर्ड कायद्याने निर्वाचित सभासदांचे प्रमाण वाढविले व अध्यक्ष निवडण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा चालविल्या जाणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. बोर्डाच्या विहिरीवर पाणी कोणी भरावे, हा प्रश्न येथे प्रथमच अधिकृतपणे पुढे आला. अंमलबजावणी ज्या संस्थांकडे होती त्यांतच उच्चवर्णीय जमीनधारकांचे वर्चस्व असल्याने ठराव बऱ्याच अंशी कागदावर राहिला. १९२६ मध्ये बोले यांना अशा संस्थांचे अनुदान रोखण्याविषयी पुन्हा ठराव आणावा लागला, यातच सर्व आले.

पुढे १९३८ मध्ये तालुका बोर्डे रद्द झाली आणि गाव व जिल्हा यांमधला दुवाच नाहीसा झाला. १९४७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण जिल्हा स्कूल बोर्डांकडे गेले. १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आणली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. त्याने तालुक्याची पातळी पंचायत समितीच्या रूपाने पुन्हा उभी केली. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता. लोकल बोर्ड विसर्जित झाले, परंतु जमीन महसुलावरील उपकराची तरतूद नव्या कायद्यातही कायम ठेवण्यात आली.