मात्रा आणि बल

कल्याणास आमच्या वडील भगिनी राहतात. वय ७६, घरांत मुलगे, सुना, नातवंडें असा भरला संसार. गेल्या दिवाळींत मुलांनीं त्यांना काचेच्या पडद्याचा नवा मोबाईल घेऊन दिला. पंधरा दिवसांत तो कपाटांत जाऊन पडला. ‘आईच्या हाताला हें यंत्र मानवत नाहीं,’ असा घरांत निकाल झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे आक्कांनीं तो स्वतःच मान्य केला. आम्ही भेटीस गेलों तेव्हां त्या म्हणाल्या, “बाळ, मला कांहीं तें जमायचें नाहीं. मी एक दाबतें आणि होतें भलतेंच.”

आम्हीं मोबाईल कपाटांतून काढविला आणि लेकीस फोन लावा म्हणून सांगितलें. त्यांनीं चष्मा सारखा केला, फोनाच्या चित्रावर तर्जनी ठेवली आणि दाराची घंटा वाजवावी तशी जोरानें दाबून धरली. फोन लागला नाहीं; उलट तें चित्र जागचें सुटून बोटाबरोबर सरकूं लागलें. आक्का गांगरल्या. त्यांनीं बोट आणखी जोरानें दाबलें, आणि चित्र दुसऱ्याच कोपऱ्यांत जाऊन बसलें.

हें पाहतांना आम्हांला पहिलीचा वर्ग आठवला. पाटीवर अक्षर उमटेनासें झालें कीं मूल पेन्सिल अधिक दाबतें. आक्कांचा हात याच शिस्तींत तयार झालेला. टांकावर भार दिला कीं रेघ जाड, उचलला कीं बारीक. विजेचें बटन, मतदानयंत्राची कळ, जुन्या फोनाचे आंकडे, हीं सर्व दाबल्यावांचून चालत नाहींत. काम झालें नाहीं तर जोर वाढवावा, हें हाताला लागलेलें वळण चुकीचें नव्हतें. यंत्राची जात बदलली होती, आणि तें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

स्पर्शानें चालणाऱ्या पडद्यांच्या मुख्य जाती दोन. पहिल्या जातींत वीजवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर असून त्यांच्यामध्यें बारीकशी फट असते. वरचा लवचीक थर दाबला कीं तो खालच्यास टेकतो, आणि जेथें टेकला तें ठिकाण यंत्रास कळतें. येथें नख चालतें, पेन्सिलीचें टोक चालतें. दाब मात्र हवा. दुसऱ्या जातींत काचेखालीं सूक्ष्म विद्युत्क्षेत्र असतें. मनुष्याचें शरीर वीजवाहक असल्यामुळें बोट टेकतांच त्या क्षेत्रांत फरक पडतो, आणि तेवढ्यावरून यंत्र स्पर्श ओळखतें. येथें जोराचें कामच नाहीं. नख चालत नाहीं, आणि फार कोरड्या वा घट्टे पडलेल्या बोटाची कित्येकदां दाद लागत नाहीं. आजचे बहुतेक मोबाईल या दुसऱ्या जातीचे आहेत.

हें स्थित्यंतर आपल्या शेजारींच घडलें. सरकारनें विद्यार्थ्यांकरितां काढलेला स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीस प्रसिद्ध झाला. त्याचा पडदा दाबाचा होता, आणि तो बोटाला चटकन् दाद देत नाहीं अशी टीका झाली. पुढें २०१२ सालीं ती जबाबदारी पवईच्या आय.आय.टी. मुंबईकडे आली. त्याच वर्षीं ११ नोव्हेंबरला जी सुधारलेली आवृत्ति बाहेर पडली, तिचा पडदा दुसऱ्या जातीचा होता.

मग पडद्याला जोर कळतच नाहीं काय? कळूं शकतो. ‘ॲपल’ कंपनीनें २०१५ सालीं आयफोन ६एसमध्यें हलका स्पर्श व जोराचा स्पर्श यांचे अर्थ निरनिराळे ठेवले होते. परंतु २०१९ च्या आयफोन ११ पासून ती योजना सोडून देण्यांत आली, आणि जोराच्या जागीं बोट क्षणभर धरून ठेवणें आलें. चित्रकारांच्या लेखणींत मात्र दाब टिकून आहे. त्यांच्या कांहीं विद्युत्-पाट्या दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखतात.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत उच्चाराचीं अंगें सांगतांना मात्रा आणि बल हीं दोन वेगवेगळीं गणलीं आहेत. मात्रा म्हणजे काळ, बल म्हणजे प्रयत्नाचा जोर. आक्कांच्या मोबाईलास मात्रा कळत होती, बल कळत नव्हतें. त्याच्या लेखीं ऱ्हस्व स्पर्श म्हणजे ‘उघड’, आणि दीर्घ स्पर्श म्हणजे ‘उचलून हलव’. जोरानें दाबणाऱ्याचें बोट ओघानेंच अधिक वेळ टेकलेलें राहतें. आक्का बल देत होत्या. यंत्र मात्रा वाचीत होतें.

हें सांगितल्यावर त्या हंसल्या. “म्हणजे दुधाचें पातेलें किती तापलें तें बोट लावून पाहतों, तसें!” याहून चांगली व्याख्या आम्हांला सुचली नसती. स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे दीर्घ समजावा, हें मोबाईलाच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरांत ठरवितां येतें. नातवानें तो काळ वाढवून दिला. बोट कोरडें असल्यास ओलसर फडक्याला पुसून घ्यावें, हेंहि सांगितलें. चौथ्या खेपेस लेकीचा आवाज आला.

घरोघरीं असे मोबाईल कपाटांत पडले असतील. वडील माणसास जमत नाहीं असा निकाल देण्यापूर्वीं यंत्र काय मागतें तें त्यास एकदां सांगावें, एवढीच आमची विनंती आहे. आम्हीं स्वतः जन्मभर मुलें शिकविलीं. ज्यांना ‘येत नाहीं’ असा शेरा दिला, त्यांपैकीं किती जणांना आम्हीं नीट सांगितलेंच नव्हतें, हा विचार परतीच्या गाडींत सुटेना.

डोंबिवलीस उतरतों तोंच फोन वाजला. आक्कांचा होता.

“पोंचलास का रे?” त्यांनीं विचारलें.