नाव घेण्याची मुभा

शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन लंडनच्या बेकर स्ट्रीटवर एकाच बिऱ्हाडी राहिले, एकमेकांसाठी त्यांनी प्रसंगी जीव धोक्यात घातला. परंतु आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ कथांत या जिवलग स्नेह्यांनी परस्परांना ‘शेरलॉक’ वा ‘जॉन’ अशी हाक मारल्याचे कोठेही आढळत नाही. ‘मिस्टर’ हा उपचार गळून नुसते आडनाव उरले म्हणजे स्नेह जडला, असे त्या काळचे सुशिक्षित इंग्रज पुरुष मानीत, आणि पाळण्यातले नाव घरच्या माणसांसाठी राखून ठेवीत. किंबहुना पत्नीनेही ते घ्यावेच असे नव्हते; १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीतील मिसेस बेनेट आपल्या पतीला ‘मिस्टर बेनेट’ असेच संबोधते. पतीचे नाव ओठांवर येऊ न देणाऱ्या आपल्या आजी-पणजींना ही रीत परकी वाटली नसती.

नावाला इतके वजन इंग्रजीत का यावे, याचे एक कारण मला त्या भाषेच्या सर्वनामांत दिसते. ‘दाऊ’ हे जवळिकीचे एकवचनी सर्वनाम सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीच्या बोलण्यातून मागे पडत गेले आणि रावापासून रंकापर्यंत सर्वांसाठी एकच ‘यू’ उरला. मराठी माणूस ‘अरे माधव’ आणि ‘अहो माधवराव’ यांतील सारे अंतर, नाव तेच ठेवून, क्रियापदाच्या रूपाने आणि ‘राव’, ‘पंत’, ‘ताई’ अशा जोडांनी दाखवू शकतो. इंग्रजाजवळ ती सोय नसल्यामुळे समोरच्याचे कोणते नाव घ्यावे, यातच त्याला आदर आणि आपुलकी यांचा निवाडा करावा लागतो. म्हणून ‘मला जॉन म्हणा’ हे वाक्य वडीलधाऱ्या वा वरच्या हुद्द्याच्या माणसाने दिलेली मुभा असे, आणि ती मिळण्यापूर्वी नाव घेणे ही आगंतुक सलगी ठरे. अमेरिकेत ही मुभा पहिल्या भेटीतच सढळ हाताने मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या कचेऱ्यांतही तोच रिवाज रूढ झाला.

विचारण्याची रीतही याच जाणिवेतून घडली आहे. ‘तुमचे नाव काय?’ हा उघडा प्रश्न पोलीस शिपायाच्या किंवा शाळामास्तरांच्या तोंडी शोभतो. मेजवानीत भेटलेला इंग्रज आधी स्वतःचे नाव सांगून थांबतो, आणि उत्तर नीट ऐकू आले नाही तर दोष आपल्या कानांकडे घेऊन पुन्हा विचारतो. कचेरीतला कारकून मात्र बहुधा प्रथम आडनाव विचारतो आणि लगोलग त्याचे स्पेलिंग, कारण दप्तर आडनावांच्या अक्षरक्रमाने लावलेले असते आणि ‘स्मिथ’सारखे सर्वपरिचित आडनावसुद्धा कोणी ‘आय’ घालून लिहितो, कोणी ‘वाय’ घालून. नामोच्चार हे तेथे किती गंभीर कृत्य होऊ शकते, याचा सर्वांत ठळक दाखला वेस्टमिन्स्टरच्या कॉमन्स सभागृहात मिळतो. तेथे सभासद परस्परांचा उल्लेख मतदारसंघावरून करतात; आणि अध्यक्षांचा हुकूम न जुमानणाऱ्या सभासदाचे नाव अध्यक्षांनी विधिपूर्वक उच्चारले, की त्याच्या निलंबनाचा ठराव मांडला जातो.

दोन्ही नावांचा उगमही वेगळा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बालकाचे केवळ स्वतःचे नाव उच्चारतो. आडनाव त्या संस्कारात येतच नाही, आणि म्हणूनच जुन्या अर्जांवर त्या रकान्याला ‘ख्रिश्चन नेम’ म्हणत. आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या काही शतकांत हळूहळू वंशपरंपरागत झाली: कोणी लोहाराचा म्हणून स्मिथ, कोणी शिंप्याचा म्हणून टेलर, कोणी जॉनचा मुलगा म्हणून जॉन्सन. १५३८ साली थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा हे सारे कागदावर येऊ लागले. पुढे अन्यधर्मीय नागरिकांचा विचार होऊन ‘फर्स्ट नेम’ आणि ‘गिव्हन नेम’ हे शब्द आले. यांपैकी ‘फर्स्ट’ हा शब्द मला गैरसोयीचा वाटतो. कारण आपल्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आरंभी आडनावच येते.

एका ठिकाणी मात्र मान पाळण्यातल्या नावाला मिळतो. १९५३ साली ‘सर’ झालेले चर्चिल ‘सर विन्स्टन’ झाले. ‘सर चर्चिल’ हा आपल्याकडे अधूनमधून दिसणारा प्रयोग चुकीचा आहे. मुंबईने ‘सर फिरोजशहा’ आणि ‘सर जमशेटजी’ म्हणून हा नियम शुद्धपणे पाळला. जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, आणि पुढे १८६० च्या कायद्याने तो वारशाने धारण करणाऱ्या प्रत्येकाने ‘जमशेटजी जीजीभॉय’ हे संपूर्ण नावच धारण करावे असे ठरले. व्यक्तीचे नाव घराण्याचे होण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

मधल्या नावाची गल्लत आपल्या लोकांना अधिक भोवते. अमेरिकेतील मधले नाव हे त्या माणसाचेच आणखी एक नाव असते, पित्याची ओळख नव्हे. राष्ट्राध्यक्ष हॅरी एस. ट्रूमन यांच्या ‘एस’ या आद्याक्षरामागे तर कोणतेही नाव नव्हते. भारतीय पासपोर्टावर आडनावाचा रकाना स्वतंत्र असतो, आणि वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःच्या नावाशेजारी जाते. आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या जागी जाऊन, नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, अशी अक्षरे उमटतात. जात सूचित होऊ नये म्हणून आडनाव टाकणाऱ्या पालकांच्या निर्णयाविषयी मला आदर आहे. त्यांना एवढीच विनंती, की मुलाचा पासपोर्ट काढताना त्या रकान्यात आईचे वा वडिलांचे नाव घालावे आणि पुढे प्रत्येक दाखल्यावर तेच कायम ठेवावे.