एकशे पाच जणांची यादी

सकाळी ६.००

ऑगस्टमध्ये आमच्या फुटबॉल इमारतीतलं जेवणघर सहालाच भरलेलं असतं. अंडी, ओटमील, केळी, टर्कीचे सॉसेज, आणि ताटं घेऊन रांगेत उभी असलेली सव्वाशे-दीडशे किलोंची पोरं. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी कम्प्लायन्सचं काम बघते. कोणत्या खेळाडूला कुठून किती पैसे मिळतात, ते नियमात बसतात की नाही, याचा हिशेब ठेवणं हे माझं काम. हे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवरची गादी आणि लांबट चेंडूवालं.

या रांगेत शिष्यवृत्तीवाला कोण आणि वॉक-ऑन कोण, हे आता ताटावरून ओळखू येत नाही. २०१४ पर्यंत यायचं. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला मुलगा. फी घरची, सराव मात्र सगळ्यांइतकाच. त्याला हे जेवण मोफत नव्हतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपिअर ऐन अजिंक्यपदाच्या दिवसांत बोलून गेला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच महिन्यात कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली आणि वॉक-ऑनलाही पंगतीत घेतलं. लाज वाटली की नियम किती झटपट बदलतात, ते मी तेव्हा पाहिलं.

सकाळी ७.१५

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला स्काउट टीमचा सराव सुरू आहे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून त्या आपल्याच मुख्य संघासमोर खेळून दाखवायच्या, हे तिचं काम. यात बहुतेक वॉक-ऑन असतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक लाइनबॅकर आहे. त्याच्या हेल्मेटवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं आडनाव घामाने पसरलेलं. जर्सीवर पिवळं जाळीचं बनियन, आणि त्यावर नंबर आहे तो प्रतिस्पर्धी संघातल्या कुणाचा तरी. सव्वा तास हा मुलगा दुसऱ्याच कुणीतरी होऊन मार खातो, उठतो, पुन्हा जागेवर जातो. शनिवारी ऐंशी हजार लोक ज्याच्या नावाने ओरडतात त्या क्वार्टरबॅकची तयारी अशाच पोरांच्या अंगावर होत असते.

बेकर मेफिल्ड वॉक-ऑन होता, पुढे २०१७ च्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची हाइजमन ट्रॉफी त्याला मिळाली. जे. जे. वॉट विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट, क्लेम्सनचा हंटर रेन्फ्रो. यादी मोठी आहे. पण मला ही नावं घेऊन वॉक-ऑनची बाजू मांडायची नाही. जो कधीच मोठा होणार नाही, त्याचाही या व्यवस्थेवर हक्क आहे असं मी मानते.

सकाळी ८.१०

मैदानावरून ऑफिसकडे चालताना सांगलीहून बाबांचा फोन. त्यांच्याकडे संध्याकाळ.

"अगं, तुमच्या पोरांना आता पगार मिळतो म्हणे. लिलाव होतो का त्यांचा?"

"लिलाव नाही बाबा, पण पर्स आहे. तुमच्या आयपीएलसारखी."

आयपीएलमुळे त्यांना समजावणं सोपं जातं. तिकडे २०२५ ला प्रत्येक फ्रँचायझीची पर्स १२० कोटींची होती आणि संघात जास्तीत जास्त २५ जण. इकडे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षीची कॅप २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. ती सगळ्या खेळांची मिळून असली तरी बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत तिचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाटा फुटबॉलकडे जातो.

"आणि जाहिरातीचे?"

"ते पर्सच्या बाहेर. कोहलीच्या जाहिराती कुठे धरतात पर्समध्ये?"

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर शाळेत कबड्डीचे संघ घडवले त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे ज्याच्या दारात जाहिरातवाले जास्त, त्याची पर्स मोठीच की!"

माझ्या खात्यात कित्येक बैठका होऊन जी गोष्ट कागदावर येत नाही, ती ही.

सकाळी ९.००

स्क्वॉड लिस्ट उघडते. प्रत्येक खेळाडूचं नाव, संघात कधीपासून, मदत किती, कुठून. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत या तक्त्यात सगळ्यांचं लक्ष एकाच रकान्याकडे असायचं: काउंटर. फुटबॉलच्या वरच्या विभागात शिष्यवृत्त्या ८५, आणि मोजणी डोक्यांवर. एखाद्याला खेळासाठी एक डॉलर दिला तरी ८५ मधली एक पूर्ण जागा गेली. त्यामुळे अर्धी-पाव शिष्यवृत्ती कुणी देतच नसे. ८५ जणांना पूर्ण, आणि उरलेल्या तीस-चाळीस जणांना काहीच नाही.

ही मर्यादा आली होती चांगल्या कारणासाठी. एके काळी श्रीमंत विद्यापीठं खेळवायला नव्हे, तर दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून मुलं भरून ठेवायची. १९७३ ला १०५ ची मर्यादा आली, १९७८ ला ९५, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ८५. खर्च आवरला आणि छाटलेली गुणी मुलं लहान विद्यापीठांत जाऊन खेळू लागली.

मग १ जुलै २०२१ आला. त्याआधी दहा दिवस, ऑल्स्टन खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला होता. कॅलिफोर्नियाने तर २०१९ लाच कायदा केला होता. खेळाडूला आपलं नाव, छबी आणि प्रसिद्धी विकून पैसे कमवायची मोकळीक मिळाली. सगळे याला एनआयएल म्हणतात. ही मोकळीक न्याय्यच होती. मुलांच्या चेहऱ्यावर अब्जावधी कमावून मुलांना छदाम न देणं टिकणार नव्हतं.

पण महिना-दीड महिन्यात युटामधून बातमी आली. प्रोटीन बार विकणाऱ्या बिल्ट कंपनीने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सगळ्या फुटबॉल खेळाडूंशी करार केला, आणि त्यात ३६ वॉक-ऑन मुलांना वर्षाच्या फीइतकी रक्कम देऊ केली. प्रशिक्षक कलानी सिताके यांनी बैठकीत जाहीर केलं तेव्हाचा व्हिडिओ पाहून माझे डोळे भरून आले. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, कुणी घरी फोन लावत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र आम्ही सगळे त्या तक्त्याकडे बघत बसलो. फी विद्यापीठाने दिली असती तर ते ३६ काउंटर झाले असते आणि मर्यादा मोडली असती. कंपनीने दिल्यामुळे एकही काउंटर वाढला नाही. ८५ चा आकडा जागेवर, आणि फी भरलेली मुलं १२१.

हे दार एकदा उघडल्यावर पुढचं ओघानेच आलं. त्याच डिसेंबरात टेक्सास विद्यापीठाच्या चाहत्यांच्या संस्थेने शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक ऑफेन्सिव्ह लाइनमनला वर्षाला ५० हजार डॉलर देऊ केले. २०२२ ला टेक्सास टेकच्या चाहत्यांनी शंभरेक खेळाडूंना प्रत्येकी २५ हजार जाहीर केले, त्यात वॉक-ऑनही होते. प्रशिक्षक आता चांगल्या मुलाला सांगू शकत होता, तू कागदावर वॉक-ऑन म्हणून ये, फीचं बघतील आपले लोक. तुझी शिष्यवृत्ती मला दुसऱ्याला देता येईल. ८५ ची मर्यादा गरीब विद्यापीठांपुरती उरली.

सकाळी ११.००

तोच लाइनबॅकर ओल्या केसांनी दारात. गावातल्या छपरं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराला त्याच्याकडून तीन पोस्ट आणि दुकानात एका शनिवारी हजेरी हवी आहे. पंधराशे डॉलर देईल.

"सहाशेच्या वरचा करार आहे," मी म्हणते, "पाच कामकाजाच्या दिवसांत 'एनआयएल गो'वर नोंदवायला लागेल."

डिलॉइटने बांधलेली ही प्रणाली, तिच्यावर कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी यंत्रणा. पैसे देणारा विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे मोठा देणगीदार वगैरे निघाला, तर दोन प्रश्न विचारले जातात: यात खरा धंद्याचा हेतू आहे का, आणि रक्कम त्या खेळाडूच्या बाजारभावाला धरून आहे का. दुसरा प्रश्न ताऱ्यांना सोपा जातो. ज्याचे फॉलोअर सहाशे, ज्याने अजून एकही सामना खेळलेला नाही, त्याच्या फीएवढ्या कराराला बाजारभाव कुठून दाखवायचा? बिल्टसारखा करार आज आला आणि कंपनी संलग्न ठरली, तर छत्तीस मुलांना छत्तीस वेळा हे उत्तर द्यावं लागेल.

कराराची तपासणी माझ्या मते हवीच. फक्त ती अशी आहे की मोठा मासा कागदपत्रांसाठी वकील लावतो, आणि हा मुलगा माझ्या टेबलासमोर बसून स्वतः रकाने भरतो. दुकानदार देणगीदार नाही. आम्ही अर्ध्या तासात नोंद पुरी करतो.

जाता जाता त्याला कराचं सांगते. शिष्यवृत्तीतून भरलेल्या फीवर कर लागत नाही. जाहिरातीचे पैसे हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न. त्यावर आयकर वेगळा आणि १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा. तेवढीच रक्कम, पण हातात पडते कमी. हे कुणीच या मुलांना आधी सांगत नाही.

दुपारी १२.३०

डेस्कवरच डबा. आमचा ऑस्ट्रेलियन पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारणारा खेळाडू, डोकावून जातो. त्याला एका पिझ्झावाल्याची जाहिरात करायची आहे आणि मला पुन्हा नाही म्हणावं लागतं. तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. पुण्या-मुंबईहून एमएसला आलेल्या आमच्या पोरांना हा नियम पाठ असतो: सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर. शिष्यवृत्ती घेता येते, बाहेरचं काम नाही.

दुपारी १.३०

आर्थिक मदत कार्यालयातली बैठक. बाहेरच्या लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉक-ऑन मुलांपैकी बरेच जण गरजेवर आधारित मदतीवर शिकतात, त्यात मुख्य पेल ग्रँट, वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर. ही मदत ठरते दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर. म्हणजे २०२५ ला मुलाने जाहिरातीतून चांगले पैसे मिळवले, तर त्याचा फटका २०२७-२८ च्या मदतीला बसू शकतो. तोवर त्याचा गुडघा गेलेला असेल, करार संपलेला असेल, आणि पैसेही उरलेले नसतील. प्रत्येक कराराच्या नोंदीची प्रत या कार्यालयाकडे यावी, म्हणजे ते मुलाला आधीच सावध करतील, असा माझा आग्रह होता. आज तो मान्य झाला.

दुपारी ३.००

यादीची बैठक. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई, नव्यांना थेट वाटा, आणि शिष्यवृत्तीची मर्यादा रद्द. तिच्या जागी संघाची मर्यादा आली: फुटबॉलला १०५. विद्यापीठाने ठरवलं तर १०५ च्या १०५ जणांना शिष्यवृत्ती देता येते. अर्धी, पाव, हवी तशी वाटताही येते. एका अर्थाने हे फार चांगलं झालं.

मात्र १०५ च्या पलीकडे फुकट खेळायलाही जागा नाही. पूर्वी एकशे वीस-पंचवीस पोरं असायची. देशभर हजारोंच्या जागा जाणार हे दिसत होतं, आणि विल्कनबाईंनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली. मग तोडगा निघाला: मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती, त्यांची नावं विद्यापीठाने कळवली तर ती मुलं १०५ मध्ये मोजली जाणार नाहीत. पण त्यांना संघात ठेवायची सक्ती कुणावरच नाही.

आमचा लाइनबॅकर त्या यादीत आहे, म्हणून वाचला. उन्हाळ्यात नव्याने आलेल्यांना ते कवच नाही. पहिल्या सामन्यापर्यंत संख्या बसवायची, त्यामुळे आज दोन नावं काढायची आहेत. प्रशिक्षक दुखापतींचा विचार करून पुन्हा पुन्हा मागे-पुढे होतात. त्यांनाही हे जड जातंय.

मी विचारते, मग जे राहिलेत त्यांच्यापैकी किती जणांना शिष्यवृत्ती? उत्तर मला माहीत आहे: अजूनही ८५. जुन्या मर्यादेच्या वरच्या शिष्यवृत्त्या २५ लाख डॉलरपर्यंत त्याच कॅपमध्ये मोजल्या जातात. वॉक-ऑनला दिलेली फी ही क्वार्टरबॅकच्या रोख रकमेतून गेलेली असते, आणि क्वार्टरबॅकचा भाव ठरतो दुसरं विद्यापीठ आणि त्याचे जाहिरातदार मिळून काय देतात त्यावर. मर्यादा उठली, दार उघडं आहे, तरी आत कुणी येत नाही, ते यामुळे.

संध्याकाळी ५.३०

काढलेल्या दोघांपैकी एक माझ्यासमोर. जवळच्याच गावचा, एकोणीस वर्षांचा. प्रशिक्षकांनी स्वतः त्याला सांगितलं, हे बरं केलं. मी कागदोपत्री गोष्टी सांगते: प्रवेश कायम, वर्ग सुरू राहतील, बदली करायची तर पोर्टल कसं उघडतं. तो विचारतो, "पण मी तर पैसे मागतच नव्हतो." त्याला मी खरं तेच सांगते. संघात किती जण असावेत याची ही मर्यादा पैशांच्या वाटपाच्या तडजोडीतून आली, आणि ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं त्यांनाच तिची झळ बसली.

रात्री ८.००

ऑफिस रिकामं झाल्यावर क्रीडा संचालकांसाठी टिपण पुरं करते. मागणी साधी आहे. आमच्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी वर्षाला साधारण १२ हजार डॉलर. वीस वॉक-ऑनची फक्त फी भरली तर खर्च २ लाख ४० हजार, कॅपच्या सव्वा टक्क्याहून कमी. आता डोकी मोजत नाहीत, अपूर्णांक चालतो, त्यामुळे नियमाची एकही आडकाठी नाही. ज्याने दोन हंगाम पूर्ण केले त्याला फी द्यावी, आणि ती त्याच्या जाहिरातीच्या कमाईवर अवलंबून ठेवू नये. सोबत वीस जणांचा तक्ता जोडला आहे, नावं, वर्षं, विषय, सध्याचं कर्ज. संचालकांची वेळ गुरुवारी सकाळी दहाची मिळाली आहे.