उंदराचा चेहरा दुखतोय, हे कसं ओळखतात?

नाशिकसह राज्यातल्या अनेक फार्मसी कॉलेजांत प्राणीगृह असतं. तिथे उंदरांवर प्रयोग करायचा, तर 1998च्या नियमांनुसार प्राण्याला कमीत कमी वेदना होतील हे पाहावं लागतं. पण मुक्या प्राण्याची वेदना मोजायची कशी?

चेहऱ्याच्या संवेदना ट्रायजेमिनल ही नस मेंदूकडे नेते. तिचा विकार जडला की माणसाला साधे दात घासतानाही विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. त्यावरच्या उपचारांसाठी उंदरांवर अभ्यास होतो.

जुनी पद्धत

उंदराच्या मिशांजवळ बारीक तंतू टेकवतात. किती दाबाला तो डोकं मागे घेतो, याची नोंद ठेवतात. पण यातून फक्त स्पर्शाने होणारी वेदना कळते. कुणी हात न लावताही ठणका लागला असेल तर?

चेहराच वाचायचा

2010 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी 'माऊस ग्रिमेस स्केल' मांडली. व्हिडिओतल्या चेहऱ्यात पाच गोष्टी पाहायच्या: आवळलेले डोळे, फुगीर नाक, फुगीर गाल, कानांची ठेवण आणि मिशा. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण. गुण जास्त, तर वेदना जास्त. पुढे ट्रायजेमिनल नसेला इजा झालेल्या उंदरांतही हे गुण वाढलेले दिसले.

अर्थात, डोळे झोपेतही मिटतात. म्हणून झोपलेल्या उंदराला गुण देत नाहीत.

मोजणी चुकली तर नुकसान दुहेरी आहे. उंदराला वेदनाशामक मिळत नाही आणि रुग्णासाठीचं कुचकामी औषधही गुणकारी वाटू शकतं.